आधी अंदाज, मग आकडा

चोपडा तालुक्यातल्या तुमच्या ११ एकर केळीला ठिबक आहे, मोटर मोबाइलवर चालते आणि या वर्षी तुम्ही जमिनीतली ओल मोजणारी यंत्रेही बसवलीत. वडील ६८ वर्षांचे आहेत. पूर्वी दिवसभर शेतात असत, आता ओट्यावर बसून असतात, आणि काही विचारले की म्हणतात, "तुझ्या फोनला विचार." त्यांच्याकडचे ज्ञान वाया जाऊ नये म्हणून त्यांचे व्हिडिओ करून ठेवावेत का, आणि यंत्रांना नेमके कुठे थांबवावे, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी यावल तालुक्यात केळी करते. १९८९ साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा आमच्याकडे बसराई या जुन्या जातीचे कंद लावत, पाटाने पाणी देत आणि घड कापायला दीड वर्ष लागे. सासऱ्यांना सगळे घर आबा म्हणायचे. केळीतले जे काही मला येते ते त्यांच्या मागे मागे बांधावरून फिरत आले. आज माझ्याकडेही प्रयोगशाळेत वाढवलेली, म्हणजे उतीसंवर्धित, ग्रँड नैन जातीची केळी आहे, ठिबकमधून खत जाते, मोटर फोनवरून सुरू होते आणि बाग अकरा-बारा महिन्यांत कापणीला येते. त्यामुळे यंत्र काढून टाका असे मी तुम्हाला सांगणार नाही. मोटरीला लागणारी थ्री-फेज लाइट आठवडा आठवडा रात्रीचीच असे. त्या अंधारात साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीने मोटर सुरू करायला जाणे काय असते ते मी पाहिले आहे. ते काम फोनने घेतले, फार चांगले झाले.

आधी व्हिडिओचे सांगते, कारण ती चूक मी केली आहे.

आबा थकले तेव्हा मुलाने त्यांना खुर्चीवर बसवून फोन समोर धरला आणि विचारले, "लागवडीसाठी पिल, म्हणजे केळीच्या बुडाशी फुटणारं रोप, कसं निवडायचं?" आबा म्हणाले, "चांगलं पिल घ्यावं, रोगट घेऊ नये." एवढेच. आम्ही अर्धा-पाऊण तास खोदून खोदून विचारले, पण पुस्तकात असते त्यापलीकडे काही निघाले नाही. मला वाटले, वयामुळे विसरले. चार दिवसांनी शेजाऱ्याला लावायला कंद हवे होते म्हणून मी दहा पिले काढून बांधावर ठेवली. आबांनी काठीने त्यातली सहा बाजूला ढकलली. मी एकेक हातात घेऊन विचारत गेले, हे का नको? "याचं पान लहानपणीच रुंद झालंय, हे पाणपिल आहे, याला जोर नसतो. तलवारीसारखं अरुंद पान पाह्यजे." हे का नको? "हे आईपासून लांब उगवलंय, वरवर आहे." आणि हे? "बूड पाह्य, चिरलंय. कुदळ तिरपी मारली तू."

खुर्चीवर बसून जे आले नाही ते माझ्या चुकीच्या पिलांनी दहा मिनिटांत बाहेर काढले. ज्याच्या हातात कसब असते त्याला ते आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते. प्रश्न विचारला की तो आठवतो आणि आठवून जुजबी सांगतो. चूक समोर दिसली की मात्र हात आपोआप पुढे येतो, आणि हातामागून शब्द येतात. म्हणून व्हिडिओ करायचाच असेल तर वडिलांना काही विचारू नका. तुम्ही स्वतः काम करा, चुका, त्यांना तुमची चूक काढू द्या, आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असू द्या. त्या व्हिडिओवरही फार भिस्त ठेवू नका. ती आठवण असते. कसब तुमच्या हातात उतरले तरच उरते.

आता यंत्राचे. २०१९ च्या मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या आसपास होता. दोन एकरांत फेब्रुवारीत लावलेली रोपे होती, साधारण साडेतीन हजार. मोटर चालू झाली, बंद झाली, असे संदेश फोनवर रोज वेळेवर येत होते. घरात लग्न होते, तीन दिवस शेताकडे कोणी गेले नाही. चौथ्या दिवशी गेलो तर वरच्या बाजूचा सबमेनचा, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपचा, जोड निसटलेला आणि सगळे पाणी नाल्यात. पंप कोरडा चालला असता तर यंत्राने तो बंद केला असता. पण पंप कोरडा नव्हता, पाणी वाहत होते, फक्त ते केळीपर्यंत जात नव्हते. सातशेच्या वर रोपे गेली. यंत्राने खोटे काही सांगितले नाही. मोटर चालू आहे का, एवढेच आम्ही त्याला विचारले होते आणि तेवढेच त्याने सांगितले.

आबांची पद्धत अशी की सकाळी शेतात गेले की आधी सगळ्यात लांबच्या नळीच्या शेवटच्या तोंडाशी जायचे. तिथला थेंब पाहायचे, नळीच्या टोकाची बुडी, म्हणजे टोपण, उघडून पाणी बोटावर घ्यायचे, गाळ येतो का बघायचे. येताना परतीच्या वाटेवर बाकीचे. शेवटच्या झाडाला पाणी पोचले असेल तर मधल्यांनाही बहुधा पोचलेले असते. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. पाटाच्या काळात शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी गेले का हे पाहायची सवय होती, तीच त्यांनी ठिबकवर आणली. त्या तीन दिवसांत आम्ही यंत्रावर विसंबलो यापेक्षा शेवटच्या नळीपर्यंत जायची सवय सोडली, हे आमचे चुकले.

तेव्हापासून घरात एक नियम केला: आधी अंदाज, मग आकडा. फोन उघडायच्या आधी आपले मत सांगायचे, तेही मोठ्याने, दुसऱ्याच्या देखत.

तुमच्याकडे ओल मोजणारे यंत्र आहे, तर हे फार सोपे आहे. सकाळी वडिलांना घेऊन जा. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर कुदळीने वीतभर खोल माती काढा. मुठीत दाबा. आपल्या काळ्या मातीचा लाडू वळला, तळहाताला चिकटला नाही आणि कंबरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-चार तुकड्यांत फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल हवी तेवढी आहे. बोटांत चिकटून राहिली तर पाणी जास्त आहे. लाडूच वळला नाही तर उशीर झाला. आज पाणी द्यायचे की नाही, आणि किती वेळ, हे आधी वडिलांनी सांगायचे, मग तुम्ही. दोन्ही वहीत लिहा. त्यानंतर फोन.

माझ्या मुलाचे आणि यंत्राचे पहिल्या महिन्यात निम्मे दिवसही जुळले नाहीत. चौथ्या महिन्यात तो क्वचितच चुकायचा. यंत्र नसते तर एवढे शिकायला त्याला तीन-चार हंगाम लागले असते, कारण आपण चुकलो हे रोजच्या रोज कळलेच नसते. जुने कसब यंत्राने मरते असे सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. यंत्राला आधी विचारले तर मरते. नंतर विचारले तर तेच यंत्र गुरुजींसारखे पाटी तपासून देते.

आणि कधी कधी यंत्रच चुकते. हे तुम्ही मुद्दाम ध्यानात ठेवा, कारण आपल्या जमिनीत ते होणारच. काळी माती सुकली की भेगाळते. सेन्सरच्या दांड्याभोवती पोकळी पडते, दांड्याचा आणि मातीचा संबंध तुटतो, आणि खाली ओल असून यंत्र कोरडे दाखवते. त्या आकड्यावर पाणी सोडत राहिलात तर मुळे कुजतात. ज्या दिवशी वडिलांची मूठ आणि फोन यांचे जमणार नाही, त्या दिवशी भांडू नका, यंत्राजवळची माती उकरून पाहा. आमच्याकडे दोन वेळा आबा बरोबर निघाले आणि एकदा यंत्र. तिघेही त्यातून शिकलो, यंत्राची जागा बदलली ती तेव्हाच.

कापणीलाही हेच करते. परदेशी माल जातो तेव्हा केळाची जाडी कॅलिपरने मोजतात, ते योग्यच आहे. पण मजुरांच्या टोळीतली एक बाई मापाच्या आधी केळाची धार किती बुजली, किती गोलाई आली ते नुसते पाहून सांगते. मी तिला आधी बोलू देते, मग माप लावते. ती किती वेळा बरोबर येते ते पाहून आता निर्यातीचे लोकही तिला विचारतात. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. आपण "वाडवडिलांचे ज्ञान" म्हणतो तेव्हा फक्त मालकाच्या ओट्याकडे बघतो. केळीतले निम्मे कसब सालदाराच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याच्या, आणि बायांच्या हातात आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल ठरते तेव्हा पैसे ठरवताना हे कोणी धरत नाही. तुमच्या सालदाराला पिल कापणे, घडाला आधार देणे, करप्याची पाने काढणे यातले जे येते ते तुमच्या वडिलांइतकेच मोलाचे आहे. त्याला शिकवायला लावा आणि त्या शिकवण्याचे वेगळे पैसे द्या.

यंत्राने आधी सांगावे अशाही गोष्टी आहेत. आकाशातली वीज ही त्यातली पहिली. ढग पाहून वीज कुठे पडेल हे कोणालाही कळत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे दामिनी अॅप फोनवर ठेवा आणि त्याने सांगितले की सगळ्यांना झाडाखालून आणि मोटरीजवळून हलवा, तिथे आधी अंदाज वगैरे काही नको. औषध फवारणीतही जुन्या लोकांचे काही घेण्यासारखे नाही. उघड्या हाताने औषध कालवणारी माणसे आपण पाहिली आहेत आणि त्यांचे पुढे काय झाले तेही. केळीला पाटाने पाणी देणे गेले, ते जाऊच द्यावे. तापीच्या आणि सातपुड्याच्या मधल्या पट्ट्यात पाण्याची पातळी कुठे गेली ते तुम्ही बोअर करताना पाहिलेच असेल. मोट गेली तिचेही मला दुःख नाही. ती हाकणाऱ्यांच्या खांद्यांची आणि बैलांच्या मानेची अवस्था मी माहेरी पाहिली आहे. जुने म्हणून सगळे जपायला गेलात तर खरे जपायचे ते हातून सुटेल.

मी स्वतःला एकच विचारते: यंत्राला जे दिसत नाही ते या कसबाला दिसते का?

थंडीचे उदाहरण घ्या. जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला की केळीची वाढ थांबते, निसवणारा, म्हणजे खोडातून बाहेर पडणारा, घड अडकतो. उद्या रात्री थंडी वाढणार हे फोन दोन दिवस आधी सांगतो, आबांना ते इतके आधी कळत नव्हते. पण फोनवरचे तापमान कुठल्या तरी केंद्रावरचे. आमच्या शेताचा नाल्याकडचा कोपरा खोलगट आहे, गार हवा तिथे साचते आणि तिथली केळी आधी पिवळी पडते. रात्री विहिरीचे पाणी आधी कुठे सोडायचे, धूर कोणत्या बांधावर आणि वाऱ्याच्या कोणत्या बाजूला करायचा, हे आबांना ठाऊक होते. आज फोनची सूचना आणि आबांनी दाखवलेला कोपरा, दोन्ही मिळून बाग वाचते. उन्हाळी झळांसाठी बांधावर शेवरी लावायची तीही कुठे दाट आणि कुठे विरळ, हे वाऱ्याची वाट माहीत असलेला माणूसच सांगतो.

केळीच्या हरण्या रोगातही तेच. २०२० साली आमच्या भागात कुकुंबर मोझॅक विषाणूने बागा उपटाव्या लागल्या. याला औषध नाही. झाड दिसले की उपटून नष्ट करायचे, मावा आवरायचा, बागेत आणि आसपास काकडीवर्गीय पिके आणि मिरची-टोमॅटो ठेवायचे नाही. पानाचा फोटो काढून रोग सांगणारी अॅप आहेत, मी वापरते. पण फोटो काढायला आधी ते पान दिसले पाहिजे ना. कोवळ्या पानावर पहिली फिकट रेघ उमटते तेव्हा साडेतीन हजार झाडांतून ती हेरायला ओळीओळीने चालणारा माणूस लागतो. तुमच्या वडिलांना मी हेच काम देईन. मन रमवायला म्हणून नव्हे, हे आज तुमच्या शेतातले सगळ्यात महागडे काम आहे. त्यांनी दाखवलेले झाड उपटायचे की नाही याचा शेवटचा शब्दही त्यांचाच ठेवा. अधिकार नसलेल्या म्हाताऱ्याला नुसते कौतुक कळते, आणि ते त्याला नको असते. "फोनला विचार" असे ते म्हणतात त्यात रुसवा कमी आहे, आपला निर्णय आता कोणी धरत नाही हे त्यांनी ओळखले आहे.

घरातले एक सांगते, कारण तुमच्या घरीही मांडे भाजायचे खापर असेलच. सासूबाई आखाजीला पुरणाचे मांडे करायच्या. वस्त्रगाळ पीठ, त्याची सैलसर कणीक, पुरण भरून दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचे आणि उलट्या खापरावर टाकायचे. पाणी किती? "पीठ घेईल तेवढं." मी दोन वर्षे रडले या उत्तरावर. शेवटी एक छोटा वजनकाटा आणला. त्या पाणी घालायच्या आधी भांडे काट्यावर, घातल्यावर पुन्हा काट्यावर, आणि मी लिहून घेत होते. सात-आठ वेळा लिहिल्यावर कळले की आकडा दर वेळी वेगळा आहे, गहू जुना की नवा, हवा कोरडी की दमट यावर तो हलतो. काट्याने मला मांडे शिकवले नाहीत. पण "घेईल तेवढं" म्हणजे साधारण कुठून कुठवर हे दाखवले, मग बोटांना काय शोधायचे ते समजले. आज सून गॅसवर लोखंडी खापर ठेवते, चुलीचा धूर डोळ्यांत जात नाही, आणि मांडा तिच्याही हातावर फाटत नाही. चूल गेली, कसब राहिले. चुलीसाठी मी अडून बसले असते तर दोन्ही गेले असते.

शब्दांचीही काळजी घ्या. तुमचे यंत्र ओलीची टक्केवारी दाखवते. वाफसा ही टक्केवारी नाही. जमीन भिजून निथळली, तिच्यात हवा खेळू लागली आणि आता पाय घातला तरी ती तुडवली जाणार नाही, एवढे सगळे त्या एका शब्दात आहे. मुलाने वाफसा म्हणायचे सोडून नुसते "बत्तीस टक्के" म्हणायला सुरुवात केली की हळूहळू तो ती हवा बघायचे सोडतो. म्हणून वहीत आकडा लिहा, पण आधी शब्द लिहा. पाणपिल, निसवण, गोलाई, वाफसा. तुमच्या बोलीत जो असेल तो.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगते. माझे माहेर साक्री तालुक्यात, पांझरेकाठी. तिथे फडाची पद्धत शेकडो वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटावर गावची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, म्हणजे सगळ्यांची पाण्याची गरज एकाच वेळी. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, हंगामाआधी पाट साफ करायला घरटी माणूस. हे कोणा एकाच्या हातातले कसब नव्हते, भांडण वाढायच्या आत पाळी ठरवण्याचे गावाचे कसब होते. विहिरी झाल्या, बोअर झाले, मोटरी झाल्या, ज्याचे पाणी त्याच्या हाती आले, आणि पाटावर एकत्र यायचे कारण कमी होत गेले. आता दोन भाऊ एका विहिरीची पाळी ठरवायला तिसरा माणूस आणतात.

तुमची पाइपलाइन भागीदारीत असेल तर मोटर खुशाल फोनवर चालवा, पण आठवड्यातून एकदा सगळ्या भागीदारांनी मिळून तिच्यावरून चालत जायचे हे मोडू नका. गळती सापडेल. कोणाच्या वाफ्याला कमी पाणी जाते हे तोंडावर बोलले जाईल. आणि तुमच्या मुलाला, तो कितीही लहान असला तरी, सोबत न्या.

किती यंत्रे घ्यायची याला मी मोजमाप देऊ शकत नाही. माझ्या शेतात अर्धा एकर मात्र असा आहे जिथे मोटर हाताने सुरू होते, ओल मुठीने बघतो आणि लागवड आमच्याच कंदाची असते. तो तुकडा मी दाखवायला ठेवलेला नाही, त्याचा माल विकला जातो आणि नफा-तोटा वेगळा लिहिते. नुकसानीची भीती नसली तर हात शिकत नाहीत. उतीसंवर्धित रोपे मिळायला उशीर झाला त्या वर्षी याच तुकड्यातल्या कंदांवर आमची एक एकर लागवड वेळेत झाली.

कांदेबागेची, म्हणजे केळीच्या पावसाळ्यानंतरच्या हंगामाची, लागवड सप्टेंबर-ऑक्टोबरात येईल. तुम्ही एवढे करा: वडिलांना न सांगता दहा पिले स्वतः निवडा, बांधावर मांडा, आणि त्यांना म्हणा, "आप्पा, ही लावतोय." मग जरा मागे सरून उभे राहा.